दोन ठिपक्यांच्या मधलं

पंपाच्या स्टँडला तडा गेला तेव्हा भाच्यानं मीटिंगमध्ये छाती ठोकून सांगितलं होतं, की दोष वेल्डिंगच्या जोडाचा आहे. तो जोड त्याच्या सख्ख्या मामानं केलेला होता, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच त्याचं जास्त कौतुक झालं. बघा, नातं बाजूला ठेवून बोलतो पोरगा! ते ऐकून स्वारीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मामा खालच्या वर्कशॉपमधला वेल्डर. तिथं प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी आपला नंबर ठोकतो. नंबर कोरलेला लोखंडी पंच टेकवायचा, हातोडीचा एक घाव, झालं. मामाचा नंबर सतरा. एकवीस वर्षं तो नंबर ठोकून ठोकून त्याचं खरं नाव लोक विसरले होते, सगळे त्याला 'सतरा'च म्हणायचे. आणि वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या भाच्याला खालचे लोक 'ग्राफवाला' म्हणायचे.

त्या ग्राफचं असं होतं. मोटर सुरू झाली की स्टँड हादरतो. कुठल्या क्षणी कुठल्या जागी किती ताण आला, ते सॉफ्टवेअर सेकंदाच्या हजाराव्या भागागणिक काढतं. एवढे सगळे आकडे ठेवले तर डिस्क भरून जाते. म्हणून ह्या शहाण्यानं सांगून ठेवलं होतं, काढ सगळे, पण साठव दर पन्नासावाच. साठवलेल्या आकड्यांचे ठिपके पडतात, सॉफ्टवेअर ते रेषेनं जोडून देतं, वर मर्यादेची लाल रेघ. त्याची निळी रेष लाल रेघेच्या निम्म्यावरही पोचली नव्हती. खाली त्यानं लिहिलं, 'डिझाइन सुरक्षित. सबब दोष वेल्डिंगचा.' फोरमननं मामाचा पंच काढून घेतला, त्याला ग्राइंडरवर कडा घासायला बसवलं, आणि तो ग्राफ वर्कशॉपच्या फळ्यावर लावला. सगळ्यांना धडा म्हणून!

आठ महिने झाले. मामाकडे जायचं भाच्यानं तेव्हापासून टाळलं होतं. कामं फार आहेत म्हणायचा.

मग एका गिऱ्हाइकाला तोच स्टँड थोडा उंच करून हवा होता. एव्हाना मोठी डिस्क आली होती, म्हणून या वेळी त्यानं एकही आकडा गाळला नाही. निळी रेष सरळ लाल रेघ ओलांडून वर गेली. उंचीमुळे असेल, असं म्हणत त्यानं जुना स्टँड सॉफ्टवेअरमध्ये तसाच चालवून बघितला. तीच गत. शून्य पूर्णांक वीस सेकंदाला एक ठिपका, पंचवीसला दुसरा, आणि मधे तेवीसला तो झटका, मर्यादेच्या दीडपट! जुन्या ग्राफमध्ये तो दोन ठिपक्यांच्या मधे पडला होता, आणि वरून सरळ रेष मारलेली होती. जोड सतरा नंबरचा असो की आणखी कुणाचा, तिथं तडा जाणारच होता.

त्याचे कान तापले. आणि मग त्यानं काय केलं? सांगायलाही लाज वाटते. त्यानं गुपचूप ड्रॉइंग बदललं, जाड पट्टी घातली, जुन्या स्टँडनाही ती बसवायची सूचना काढली. चीफ मॅडमनी सही करताना विचारलं, "का बदललं?"

"आणखी मजबूत व्हावं म्हणून," तो म्हणाला.

"छान," त्या म्हणाल्या. तो 'छान' त्याला थोबाडीत बसल्यासारखा लागला.

रविवारी सकाळी तो मामाच्या दारात उभा राहिला. मामीनं दार उघडलं. "वाट चुकलास का रे?" ती म्हणाली, आणि मग हळूच, "मागे आहेत. बघ तू तरी सांगून, माझं ऐकत नाहीत."

मागच्या अंगणात मामा उकिडवा बसून करवतीनं लोखंड कापत होता. शेजारी त्यानंच वेल्ड केलेल्या तुकड्यांचा ढीग, प्रत्येक तुकडा जोडातून उभा चिरलेला. भाच्यानं एक उचलला. आतून जोड अखंड होता. दुसरा उचलला. तोही.

"दिसलं काही?" मामानं विचारलं. "मला नाही सापडत. डोळे तपासले, डॉक्टर म्हणतो ठीक आहेत. हातच दगा देत असणार. फक्त कुठं देतो ते कळत नाही."

"मामा, काही नाहीये त्यात."

"असं कसं? तुझ्या ग्राफमध्ये आलंय ना."

आठ महिने ह्या माणसानं स्वतःच्या हातापेक्षा त्याच्या रेषेवर जास्त विश्वास ठेवला होता. भुईनं पोटात घेतलं तर बरं, असं भाच्याला झालं. मग त्यानं एका दमात सगळं सांगितलं, दर पन्नासावा आकडा, तेवीसला आलेला झटका, मॅडमना मारलेली थापसुद्धा.

मामानं करवत खाली ठेवली. "म्हणजे जोड चांगला होता?"

"होता."

एकदम मामाचा आवाज चढला. "मग मला कशाला सांगतोस? सगळ्यांसमोर बोललास ना? तिथं जाऊन सांग!"

सोमवारी सकाळी त्यानं आधी मॅडमना सांगितलं, मग पाळी सुरू होताना खाली फळ्यापाशी उभं राहून जुन्या ग्राफशेजारी नवा लावला. तीस माणसं बघत होती. "चूक माझी होती," तो म्हणाला. "जोड निर्दोष होता. मी न बघता बोललो." मागून कुणीतरी म्हणालं, "वा रे ग्राफवाल्या!" त्यानं मान वर केली नाही. लोक हसले असते तर बरं झालं असतं, पण कुणी हसलंच नाही.

फोरमननं कपाटातून पंच काढून मामाच्या हातात दिला. "चला सतरा, तुमचं टेबल मोकळंच आहे."

मामानं डोळ्यांवर काळी काच ओढली, जोड केला, वरचा मळ झाडला. रेष सरळ, एकसारखी. सगळे जवळ आले. फोरमननं हातोडी पुढे केली.

मामानं पंच जोडाशेजारी टेकवला. तसाच धरून ठेवला. मग उचलून खिशात टाकला आणि करवत मागितली.

"अहो, मस्त झालाय की!" फोरमन म्हणाला.

"असेल," मामा भाच्याकडे न बघता म्हणाला. "आधी कापून बघतो."