टिकलीखालचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. आकाराने नखाएवढा, रंगाने पिवळा. परतूरच्या एका जुन्या मोटारीत, स्टिअरिंगमागच्या काचेआड माझे घर आहे. इंजिनाला काही झाले की मी पेटतो, आणि उगाच कधीही पेटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात मला बसवले, तेव्हा माझा मोठेपणा न पेटण्यातच आहे हे कळून मी हिरमुसलो होतो. पण चावी फिरवताच क्षणभर उजळून मी विझलो की गाडीचे मालक बद्रीनाथ खूश होत. "ठणठणीत हाय गाडी!" म्हणत. पुढे गाडी त्यांच्या पत्नीच्या, दैवशालाबाईंच्या हाती आली. त्या आष्टीच्या शाळेत शिकवतात. चाळिशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या आणि तेव्हापासून शाळेत जायला त्यांना कुणाची मिनतवारी करावी लागली नाही.

यंदा दसऱ्याला बद्रीनाथांनी गाडी धुतली. वरवर धुऊन समाधान होईना, म्हणून बॉनेट उघडून इंजिनालाही पाइपने आंघोळ घातली. मग हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ. दुसऱ्या दिवशी गाडी थडथडू लागली आणि मी लुकलुकू लागलो.

बद्रीनाथांनी बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली. मी विझलो. "दिवा गेला, बीमारी गेली!" ते म्हणाले. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि मी पुन्हा पेटलो. तेव्हा त्यांनी बायकोची टिकली आणून माझ्या तोंडावर चिकटवली! मला भयंकर राग आला. थर्मामीटर फोडल्याने कुठे ताप उतरतो?

संध्याकाळी ते म्हणाले, "इंजिन गेलं समज. उद्या भंगारवाल्याला बोलावलंय."

"मंग मी शाळेत कशी जाऊ?"

"मी सोडत जाईन की."

"तुमाला सवड असल तवा?" बाई एवढेच बोलल्या. मला त्यांचे फार वाईट वाटले.

दिवस उगवताच त्यांनी भावाला, अंगदला बोलावले. त्याचे गॅरेज आहे. बाईंनी टिकली खरवडून काढली. अंगदने स्टिअरिंगखाली चिमुकले यंत्र खोचले आणि माझ्या मनातले त्याच्या मोबाईलवर उमटले: पी ०३०३.

"अक्का, तिसऱ्या सिलिंडरमधी ठिणगी बराबर पडून न्हाई राह्यली. ठिणगी देणारी कॉइल बदलू का?"

"थांब जरा. परवा ह्यांनी पाणी मारल्तं. तिथं गेलं असल का?"

कॉइल उपसली, तर खाली प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेले! अंगदने पायपंपाने हवा मारून ते उडवले, सगळे कोरडे करून कॉइल परत बसवली आणि मोबाईलवरून तो पी ०३०३ चा कोड पुसला. इंजिन सुरळीत चालू लागले. मी विझलो, आणि या वेळी मनापासून विझलो.

भंगारवाला दारात आला, तेव्हा बाई शाळेला निघतच होत्या.

"किती चालली गाडी?" त्याने विचारले.

"लय चालली. अन् आणखी लय चालायचीय," म्हणत बाईंनी गिअर टाकला. बद्रीनाथांनी पुढे होऊन फाटक उघडले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी जुने कुरकुरत असेल. त्याचे तोंड झाकू नका, त्याला वाटेलाही लावू नका. जवळ बसा आणि आधी विचारा, कुठे दुखते आहे?