आवणीनंतरचं ऊन

आवणी उरकली की लंकाबाई गप्प व्हायची. भाताचं शेवटचं रोप चिखलात खोचून घरी यायची, हातपाय धुवायची आणि चुलीपुढं बसायची ती बसायचीच. आहुप्याच्या वाटेवरच्या त्या वाडीत आषाढ-श्रावणात धुई अशी उतरते की शेजारच्या घराचा कूडसुद्धा दिसत नाही. भरदुपारी घरात दिवा लावावा लागतो, आणि वीज गेली की तोही नाही. पण धुई काही आजची नव्हती. लंकाबाई मात्र अलीकडंच अशी व्हायला लागली होती, आणि तिच्या नवऱ्याला, भागूला, त्याचंच कोडं पडलं होतं.

भागू मुळात बडबड्या. तो एक बोलला की ती दोन सुनवायची, आणि एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार झकास चालला होता. आता तो बडबड बडबड बडबडायचा आणि ती नुसतं हूं म्हणायची. भाकऱ्या थापायची, पण स्वतः अर्धीच मोडायची. एकदा त्यानं मुद्दाम कुरकुर केली की भाकरी करपलीय. आता काहीतरी सणसणीत ऐकायला मिळेल, अशी त्याला आशा होती. तिनं मुकाट्यानं दुसरी भाकरी तव्यावर टाकली. त्या दिवशी भागूला खरी भीती वाटली.

वाडीनं आपापल्या परीनं निदान केलं. कुणाला बाहेरचं वाटलं, कुणी सून आणायचा सल्ला दिला. त्यांचा मुलगा ऋतिक चाकणला कंपनीत होता. तो रजा काढून आला आणि आईला घोडेगावच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. बाईंनी रक्त तपासलं, पुष्कळ विचारपूस केली. जीव नकोसा वाटतो का, हेही विचारलं.

"नकोसा न्हाई," लंकाबाई म्हणाली. "जड झालाय."

"काही माणसांचं मन ढगाळ दिवसांत असं मिटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा आळस नाही, बाहेरचंही नाही. रोज सकाळी लख्ख उजेड मिळायला हवा. त्यासाठी खास दिवे मिळतात, नाहीतर उघड्यावरचं ऊन. हिंडायचं, माणसांत राहायचं. फरक पडला नाही तर गोळ्या सुरू करू. आणि नको ते विचार आले तर मात्र लगेच यायचं."

ऋतिकनं त्यातला दिवा तेवढा उचलला. कंपनीतला पोरगा, त्याला प्रत्येक दुखण्याला एखादा पार्ट बदलायचा असतो. त्यानं मोबाइलवर तो दिवा शोधला, किंमत बघितली आणि मोबाइल खिशात घातला. तेवढ्या पैशात एक गाभण शेळी आली असती. मग स्वस्तात काम व्हावं म्हणून त्यानं मंचरहून लग्नाच्या मांडवात लावतात तसला मोठा लाइट आणला आणि आढ्याला बांधला. पहाटे बटण दाबलं तेव्हा भागूला आपल्या घरातली सगळी जळमटं एकदम दिसली. जंगलातले पतंग आणि किडे पाहुणचाराला आले. लंकाबाई हळदीला बसवल्यासारखी डोळे मिटून बसली आणि उठली ती डोकं धरूनच.

पोरगा चिवट होता. त्यानं मांडवाचा लाइट परत केला, फळीवर साध्या ट्यूब ठोकल्या आणि वरून पांढरा कपडा ताणला. हा उजेड डोळ्यांना खुपत नव्हता. लंकाबाई रोज सकाळी त्याच्यापुढं चहा पीत बसायला लागली. आठवडा संपता संपता ती आपणहून म्हणाली, "वाईच बरं वाटतंय." ऋतिक खुशीत चाकणला गेला. त्याच रात्री वादळात तारेवर जांभळीचं झाड पडलं आणि वीज गेली ती गेलीच. रेंजसाठी भागू रोज टेपाडावर चढायचा, तेव्हा ऋतिक फोनवर विचारायचा, लाइट आली का? भागू सांगायचा, न्हाई. लंकाबाई पुन्हा चुलीकडं तोंड करून बसली.

फळी भिंतीला टेकून उभी होती आणि भागू तिच्याकडं बघत विचार करत होता. उजेडानं बरं वाटलं, मग उजेड गेला कधी? असं उलटं चालत गेल्यावर त्याला एकदम अवसरी आठवली.

काय दिवस होते ते! आवणी झाली की अख्खी वाडी खाली देशावर उतरायची, खुरपणीला. पोरं, तवे, घोंगड्या, एखादी कोंबडीसुद्धा एसटीत. घोडेगाव मागं पडलं की पाऊस विरळ व्हायचा आणि अवसरी बुद्रुकच्या शिवारात पोचेपर्यंत ऊन पडलेलं असायचं. बायांचं पहिलं काम म्हणजे ओल्या घोंगड्या शेतमालक सयाजीरावांच्या विहिरीच्या धक्क्यावर पसरणं. घोंगड्यांतून वाफ निघायची आणि बाया शेजारी बसून केस वाळवायच्या. मग खुरपणीला आपापली पात, आपापली ओळ धरली की लंकाबाई सगळ्यांच्या पुढं, तोंडाचा पट्टा चालू, हसणं बांधावरून ऐकू यायचं. भागूला तेव्हा या बाईचा तोरा बघून छाती फुगल्यासारखं व्हायचं. ते आठवून त्याला आता रडू आलं, आणि धुरानं डोळे चुरचुरतात असं सांगायलाही घरात कुणी विचारणारं नव्हतं.

ऋतिक कंपनीत कायम झाला त्या वर्षी हे सगळं थांबलं. आता माझी आई दुसऱ्याच्या रानात वाकणार नाही, असं त्यानं वाडीसमोर सांगितलं होतं. वाडीनं वाहवा केली होती. पोरानं मायेनं आईची मजुरी सोडवली आणि त्या मजुरीबरोबर तिचं ऊनही सुटलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

भागू त्या टेपाडावर चढला आणि त्यानं सयाजीरावांच्या बायकोला, प्रयागबाईला, फोन लावला.

"आक्का, तुमच्याकडं ऊन पडतंय का?"

"पडतंय म्हंजी? जाळतंय मेलं. भुईमूग माना टाकाया लागला. पाऊस जास्तीचा असंल तर धाडा इकडं."

"पाऊस लई हाय. ऊन पायजे व्हतं. लंकासाठी." आणि त्यानं सगळं सांगितलं.

प्रयागबाई म्हणाली, "आना तिला. ती आन मी, दोघी बसू."

ऋतिकचीही हरकत नव्हती. फक्त त्यानं बजावलं, "पाव्हणी म्हणून जाऊ दे, बाबा. खुरप्याला हात लावायचा नाय."

एसटीत लंकाबाई डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून बसली होती. घोडेगाव गेलं तशी खिडकीच्या काचेवरची ओल वाळली आणि तिच्या मांडीवर उन्हाचा एक पट्टा येऊन पडला. तिनं हात उचलून त्यात ठेवला. भागू आयुष्यात पहिल्यांदाच काही बोलला नाही.

प्रयागबाईनं पाहुणीसाठी अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. रोज सकाळी कोवळ्या उन्हात चहा. लंकाबाई खुर्चीच्या कडेला टेकायची, हात मांडीवर घट्ट धरून. जरा वेळानं खुर्ची सरकवत सरकवत सावलीत जायची. लोक कामाला जायच्या वेळी दुसऱ्याच्या अंगणात हात बांधून बसायचं तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. रस्त्यानं बाया रानाकडं निघाल्या की ती मान खाली घालायची. भागूनं कपाळाला हात लावला. डोंगरावरून बाईला उन्हात आणली, तर ती सावली धरून बसली.

मग एका सकाळी खुर्ची रिकामी दिसली. प्रयागबाई आणि भागू घाबरून शोधत निघाले, तर लंकाबाई भुईमुगात खुरपणाऱ्या बायांच्या ओळीत बसलेली. खुरपं कुणाचं घेतलं होतं कोण जाणे. पाठीवर ऊन, आणि पात हळूहळू पुढं सरकत होती. दोघंही आल्या पावली माघारी आले. ऋतिकला कळवायचं नाही, एवढंच ठरलं. चार घास जास्त जात होते, रात्री झोप लागत होती. बोलणं मात्र अजून बेताचंच होतं.

रविवारी ऋतिक मोटरसायकलवर आला. त्यानं कुठूनतरी जुनी बॅटरी मिळवली होती. आता वीज गेली तरी ट्यूब जळणार होत्या. मोठ्या उत्साहानं तो सांगायला आला, आणि त्याला रानात वाकलेली आई दिसली.

"आक्का, हे काय?" त्याचा आवाज चढला. "मी पाव्हणी म्हणून धाडली व्हती. मी तिच्या दिव्यासाठी बॅटरी आणली, आणि तुम्ही तिच्या हातात खुरपं दिलं?"

प्रयागबाई ओशाळली. "मी न्हाई दिलं, बाबा. तिचं तीच बसली. आन म्या तिची हजेरी बी लावली न्हाई. पाव्हणीला कुनी मजुरी देतं का?"

लंकाबाईचं खुरपं थांबलं. ती कमरेवर हात ठेवून सावकाश उभी राहिली.

"हजेरी लावली न्हाई?" ती म्हणाली. "का वो आक्का? त्या बायांच्या बरोबरीनं पात काढली का न्हाई मी?"

"अगं लंके, तू पाव्हणी..."

"पाव्हणी तुमच्या वसरीवर. हितं न्हाई. ज्या दिवशी बसले त्या दिवसापून सगळी मजुरी मोजून घेनार. तुमच्या उन्हात फुकट बसाया मी काय भीक मागाया आले?" मग ती पोराकडं वळली. "आन तू रं! घोडेगावच्या बाईनं माणसांत ऱ्हा म्हून सांगितलं, ते कुठं ठेवलंस? ती बॅटरी घरी ने, लाव. आवणी हाय तवर बसंन मी तुझ्या दिव्याम्होरं. पन आवणी झाली की मी हितं येनार. तुला लाज वाटत असंल तर तू नको येऊ बघाया."

प्रयागबाईनं काहीतरी उत्तर दिलं, त्याला लंकाबाईनं तिथल्या तिथं दोन सुनावली. खुरपं हवेत नाचत होतं. ओळीतल्या बाया हसू दाबत होत्या.

ऋतिक कावराबावरा होऊन बापाजवळ आला. "बाबा, आई भांडायला लागली. थांबवा ना."

भागू बांधावर बसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. त्यानं पोराचा हात धरून त्याला खाली शेजारी बसवलं.

"भांडू दे," तो म्हणाला. "लई दिवसांनी भांडतीय. ऐकू दे मला."