ठोकळ्यांवरचा ट्रक

मेस्त्रीचा एक हट्ट होता. जुनी गाडी घ्यायची, तर आधी तिच्याखाली झोपायचं आणि मगच तिच्या तोंडाकडे बघायचं. रंग काय, चार दिवसांत कोणीही मारून देतं. पण खालचा सांगाडा, चासी, गंजली असेल तर ती कुणाच्या बापाला झाकता येत नाही.

मेहुण्याचं उलट होतं. डोंगरात मोजणीची कामं घेणारा गडी. शेडचं दार उघडताच त्याचा जीव त्या ट्रकवर जडला. चाळीस वर्षांपूर्वीचा, चारही चाकं ओढणारा, पुढं जाडजूड लोखंडी गार्ड असलेला ट्रक आसांखालच्या लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवला होता. चाकं जमिनीपासून वीतभर वर.

"दाजी, काय रुबाब आहे बघा."

"रुबाबानं चढ चढत नाही," मेस्त्री म्हणाला.

विकणाऱ्या बाई दारातच उभ्या होत्या. शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. नऊ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान, रस्त्यांच्या खात्यातले साहेब, वर दरड कोसळली म्हणून हाच ट्रक घेऊन गेले. ट्रक घाटात उभा सापडला. साहेब सापडले नाहीत. खात्यातल्या लोकांनी ट्रक ओढत आणून इथं ठेवला. हे सगळं बाईंनी हजेरी घ्यावी तसं सांगून टाकलं. आत मात्र त्या आल्या नाहीत.

मेस्त्रीनं इंजिनवर तळहात ठेवला. गारढोण. हे बरं होतं; आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनानं तो दोनदा फसला होता. ऑइलची पट्टी ओढून वास घेतला. मग मागं जाऊन एक डोळा मिटून बघितलं. ट्रक ड्रायव्हरच्या बाजूला बोटभर झुकलेला होता.

"स्प्रिंगचा पाटा तुटलाय," तो पुटपुटला. "तू वर बस. मी खालून सांगतो तसं कर."

"बसतो," मेहुणा म्हणाला.

मेस्त्री पोतं टाकून खाली सरकला. हातोडीनं चासी ठोकत गेला. ठण, ठण, ठण. कुठंही बद्द आवाज नाही. मग पाटे. दोन्ही बाजूंचे मोजले, फटींत नख घालून पाहिलं. एकही तुटलेला नव्हता, एकही बसलेला नव्हता. ट्रकनं झुकावं असं काही कारणच नव्हतं. वर कुणी भारी माणूस बसला असता तर गोष्ट वेगळी. पण मेहुणा म्हणजे काडी, आणि झुकाव तर तो बसायच्या आधीपासूनचा.

"स्टेअरिंग डावीकडं घे," मेस्त्रीनं हाक दिली.

दांडा सरकला, पुढची चाकं डावीकडं वळली. हलकेच, घाई न करता.

"आता उजवीकडं. सावकाश."

चाकं वळली. मेस्त्रीला नवल वाटलं. मेहुणा कधी कुठली गोष्ट सावकाश करत नसे.

"ब्रेक दाब. दाबून धर."

ब्रेकचा दांडा मागं आला आणि तिथंच थांबला. मेस्त्री मान वळवून गळती बघायला लागला, तेव्हा चाकांच्या मधून त्याला उन्हातलं अंगण दिसलं. अंगणातून बाईंच्या चपला येत होत्या. शेजारी पिवळ्या नाडीचे बूट. ते बूट मेस्त्रीच्या बायकोनंच भावाला घेऊन दिले होते.

ब्रेक अजून दाबलेलाच होता.

मेस्त्री हललाही नाही. "सोड," असं कसंबसं म्हणाला, आणि दांडा हळूच जागेवर गेला. मग मात्र तो कोपरांवर सरपटत बाहेर आला आणि आधी त्यानं केबिनकडे बघितलं. सीट रिकामी होती. रेक्झिन मधोमध खोल दबलेलं होतं.

"बाईंनी कागद बघायला बोलावलं," मेहुणा सांगत होता. "आता बसू का वर?"

"नको. गेटजवळ जाऊन थांब."

"का?"

"सांगतो ते ऐक."

मेहुणा तोंड वाकडं करून गेला. बाई मेस्त्रीकडेच बघत होत्या.

"ब्रेक लागला ना?" त्यांनी विचारलं.

मेस्त्रीनं मान हलवली.

"आधी तिघं येऊन गेले. तिघंही पोतं टाकून पळाले." बाईंचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मी नऊ वर्षं सांगतेय, उतरा आता. माझं ऐकत नाहीत. घरच्या माणसानं कामात मध्ये बोललेलं त्यांना कधी चाललंच नाही. तुमचं ऐकलं. तुम्हीच सांगा ना."

पळून जावं असं मेस्त्रीच्या मनात आलंच. पण त्याचा सगळा जन्म स्टेअरिंगवर बसलेल्यांना खालून हुकूम देण्यात गेला होता, आणि ज्यानं ब्रेक इतका नीट धरला त्याला तसंच टाकून जाणं त्याला बरं वाटेना. तो ड्रायव्हरच्या दाराशी गेला. हँडल दाबून दार सताड उघडलं आणि बाजूला झाला.

"साहेब," तो म्हणाला. "ब्रेक चांगला आहे. गाडीचं काम झालं. बंद करा आणि उतरा."

काहीच झालं नाही. बाहेर कुठंतरी कुणी कपडे आपटत होतं. मग पाटे करकरले आणि ट्रकची ती बाजू बोटभर वर आली. मेस्त्रीच्या दंडाजवळून गार, ओल्या मातीचा वास गेला.

बाईंनी पदर सावरला आणि त्या लगबगीनं घराकडे निघाल्या. पायरीवर त्यांनी दार पूर्ण उघडलं, अंग चोरून उभ्या राहिल्या, कुणाला तरी वाट द्यावी तशा. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

"दाजी, कुणाशी बोलत होता?" मेहुण्यानं गेटवरून विचारलं.

"गाडी घे," मेस्त्री म्हणाला. "चासी ठणठणीत आहे."