हा बिब्बा माझा नाय

गावात कोणाची कंबर धरली, टाच फुटली, की लोक माझ्याच दारात येतात. बिब्बा तापवायचा, सुईनं तेल टेकवायचं, हे मला सासूनं शिकवलं. म्हणून सून वैष्णवी तापानं फणफणली आणि शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या मांडीवरचा काळा डाग बघून विचारलं, "बिब्बा घातला का?", तेव्हा माझा लेक प्रज्वल खुशाल बोलला, "आईनं घातला असेल." झालं. डागाकडं परत कोणी बघितलं नाय.

मलेरिया नाय, डेंग्यू नाय, ताप काय उतरंना. पोर बरळायला लागली. मी डबा घेऊन दवाखान्यात गेले, तिचे कपडे बदलताना डाग दिसला आणि प्रज्वलनं ही कथा सांगितली. माझं डोकंच फिरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. "बाई, हा बिब्बा माझा नाय. बिब्बा उतला की फोड येतात, माणूस खाजवून बेजार होतो. ही खपली सुकी आहे, दाबली तरी पोर हूं की चूं करत नाय."

"मावशी, मी दुसरा पेशंट बघतेय."

"बघा. मी हितंच बसते."

बसलेच. बाई आल्या, खपली नीट पाहिली, मग वैष्णवीचे तळहात पाहिले. त्यावर बारीक लाल ठिपके होते.

"घरी कुत्रा आहे?"

"आहे की, भुऱ्या. ही रोज ओट्यावर बसून त्याच्या गोचिडी काढते आणि नखावर चिरडते. आमी सगळेच तसं करतो."

"रोगट गोचीड चावली की अशी खपली धरते, असा ताप येतो. मी तुम्हालाच विचारायला हवं होतं. रिपोर्टची वाट नको, औषध आत्ताच सुरू करू."

ताप उतरला तशी पोरीनं पेज मागितली. मला रडूच आलं.

प्रज्वल बोलला, "भुऱ्याला तानसाच्या जंगलात सोडून येतो."

मी बोलले, "त्याला जनावरांच्या डॉक्टरकडं न्यायचं. गोचिडी आता चिमट्यानं काढायच्या, आणि तू काढायच्या."

वैष्णवी पडल्या पडल्या हळूच बोलली, "आई, मी ह्यांना सांगत होते, तुमी बिब्बा नाय घातला म्हणून. हे बोलले, तापात बरळतेय."