अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत

लातूरच्या बांधकाम साहित्य तपासणीच्या प्रयोगशाळेत नवी संगणक प्रणाली बसली, तेव्हा प्रयोगशाळाप्रमुख मल्लिकार्जुन स्वामींनी तिच्याकडे नव्या सुनेकडे सासऱ्याने पाहावे तसे पाहिले. अदबीने, पण जरा दुरून. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून त्यांची हयात काँक्रीटचे ठोकळे फोडण्यात गेली होती. गावोगावच्या बांधकामांवरून हे घनाकृती ठोकळे येत, पाण्याच्या टाकीत मुरत आणि काही सातव्या, काही अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडले जात. ठोकळा लवकर फुटला, तर इमारत कच्ची. आता प्रत्येक ठोकळ्याला ठिपक्यांची चौकोनी चिठ्ठी लागे, आणि यंत्रावरचा आकडा कोणाचा हात न लागता थेट पडद्यावर उमटे.

एका सकाळी पडदा लाल झाला. देवणीजवळच्या एका गावातील शाळेच्या स्लॅबचे ठोकळे सातव्या दिवशी अपेक्षेच्या निम्म्यावरच फुटले होते. प्रणालीने ही वार्ता कंत्राटदारापासून सरपंचापर्यंत सर्वांच्या फोनवर त्याच क्षणी पोचवलीसुद्धा.

दुपारी सरपंच भुजंगराव दारात उभे.

"स्वामीसाहेब, कंत्राटदार स्लॅब फोडायचं म्हणून राहिलाय. भूकंपात जुनी शाळा बसली तवापासून वर्ग पत्र्याखाली भरतेत. आता कुठं डोक्यावर छत आलं, अन् तुमचं मशीन म्हणतंय, फोडा!"

"मशीन फोडा म्हणत नाही, भुजंगराव. ठोकळा कच्चा आहे, एवढंच म्हणतं."

"मग फोडा म्हणायचं कोन?"

"मी," स्वामी म्हणाले. "पण कारण कळल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

त्यांनी मंजुश्रीला हाक मारली. प्रणाली सांभाळणारी ही तरुण अभियंता उदगीरची. "याच खेपेचं सिमेंट आणखी कुठं गेलं, ते दाखवता येईल?"

तिने दोन-चार कळा दाबल्या, आणि स्वामींनी चष्मा काढून पुन्हा डोळ्यांवर चढवला. पडद्यावर चाकूरचा पूल उभा राहिला, लोह्याचे गोदाम उभे राहिले, निलंग्याचा दवाखाना उभा राहिला. प्रत्येकाचे ठोकळे, प्रत्येकाची ताकद. कोणती खडी कोणत्या खाणीतली, कोणती वाळू कोणत्या पात्रातली, सारे क्षणात सांगितले जात होते. जणू दोन जिल्ह्यांतल्या भिंतींनी एकाच वेळी आपापले कुळ सांगायला सुरुवात केली होती. जन्मभर स्वामी जे डोक्यात तुकड्यातुकड्यांनी वागवत आले, ते प्रथमच त्यांना अखंड दिसत होते.

"सिमेंट चांगलं. वाळू, खडी चांगली. आपलं यंत्रही बरोबर," मंजुश्री एकेक दाखवत म्हणाली. "विहीरही चांगली, सर. शेजारच्या जलकुंभाला तिचंच पाणी वापरलंय. मग राहिलं काय?"

"जे विचारायला या प्रणालीत रकानाच नाही, ते," स्वामी म्हणाले आणि गाडी काढायला सांगितली.

गावात स्लॅब अजून सेंट्रिंगच्या बल्ल्यांवर, खालून दिलेल्या लाकडी टेकूंवर, टेकला होता. गवंड्याने सांगितले, दुसऱ्या दिवशीही वर पाय उमटत होता; थंडीमुळे असेल, असे वाटले. शाळेसमोरच्या ओट्यावर गंगम्मा बसली होती. गावातले वयाने सर्वांत थोर माणूस.

"अव्वा, स्लॅब ओतला तेव्हा तुम्ही इथंच होता?" स्वामींनी विचारले.

"मी न्हाई तर कोन? माझा बाप चुन्याचा गवंडी व्हता, सायेब. गुळाचं पानी घातल्याबिगर त्यानं चुना कालवला न्हाई. ही पोरं नुसतंच कालवून राहिली व्हती. म्या पान्याच्या हर ड्रमात मूठ मूठ गूळ सोडला. लेकरांची शाळा हाय, मजबूत होऊ दे म्हनलं."

भुजंगरावांनी कपाळ बडवले. "काकू! घात केलास की!"

"घात कशाचा? घरचा गूळ हाय, चांगला पिवळाधमक!"

स्वामी हसले नाहीत. चुन्याला मानवणारा गूळ सिमेंटला मानवत नाही, हे त्यांना ठाऊक होते. जास्त झाला, तर सिमेंट कधीच घट्ट होत नाही. बेताचा असला, तर ते नुसते निजते, आणि उशिरा का होईना, पुरते जागे होते. प्रश्न मुठीचा होता. त्यांनी किराणा दुकानातून काटा मागवला. "अव्वा, तशीच मूठ भरा बरं."

गंगम्माने मोठ्या मानाने मूठ भरली. स्वामींनी ती तोलली, पाण्याच्या एका ड्रमामागे लागलेल्या सिमेंटशी ताडून पाहिली. उत्तर अगदी सीमेवर आले.

"बल्ल्यांना हात लावू नका. पाणी मारत राहा. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत कुणी काही फोडणार नाही. माझ्या सहीनं."

लातूरला परतल्यावर प्रणालीने गूळ स्वीकारला नाही. काँक्रीटमध्ये मिसळायच्या द्रव्यांच्या यादीत तो नव्हताच. मंजुश्रीने हसू दाबत तो यादीत घातला.

ठरल्या दिवशी भुजंगराव आले, मागोमाग काठी टेकत गंगम्माही. ठोकळा यंत्रात बसला. आकडा चढू लागला. सातव्या दिवशी जिथे ठोकळा फुटला होता, ती मर्यादा ओलांडून तो पुढे गेला. हवी ती ताकद आली, आणि आकडा थांबला नाही. मग बंदुकीसारखा आवाज झाला.

"फुटला?" गंगम्माने घाबरून विचारले.

"फुटला, अव्वा. पण हवा होता त्याच्या पुढं जाऊन."

उरलेले ठोकळेही तसेच निघाले. पडद्यावर दोन्ही जिल्ह्यांतल्या ठोकळ्यांच्या ताकदीच्या साऱ्या रेघा एकत्र चढत होत्या. एकच रेघ खाली पडून राहिली होती आणि मग उठून इतरांच्या वर गेली होती. स्वामी तिच्याकडे देवळातल्या समईकडे पाहावे तसे पाहत राहिले. दगडवाळूच्या त्या निर्जीव गोळ्यात एवढे दिवस, कोणाच्याही नजरेआड, केवढे काम चालले होते!

"आता काढायच्या का बल्ल्या?" भुजंगरावांनी विचारले.

"उद्या स्लॅबवरच ठोके देऊन ताकद मोजायची हातोडीची चाचणी घेतो. तिलाही स्लॅब उतरला की काढा."

स्लॅब त्या चाचणीलाही उतरला. शेवटची बल्ली निघाली तेव्हा थोडी माती झरली, आणि स्लॅब जागच्या जागी राहिला. मोकळ्या झालेल्या वर्गात छताची सावली उरली. गंगम्मा सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसली.