लटारूभाऊंची धान पारखणारी दाढ

मित्रांनो, मी एक जुनी दाढ आहे. मूल नावाच्या गावच्या लटारूभाऊंच्या तोंडात, खालच्या जबड्यात डाव्या अंगाला माझा मुक्काम असतो. दाढेनं कधी बोलू नये, तिनं आपलं चावावं, असं तुम्ही म्हणाल. चाळीस वर्षं तेच केलं. पण आता माझ्या सहनशक्तीची हद्द झाली आहे, म्हणून रागानंच सांगते, ऐका.

लटारूभाऊ सहा वर्षांचे होते तेव्हा मी आले. माझ्यासाठी दुधाचा दात पडला नव्हता, मागच्या मोकळ्या जागेत मी आपली आपण उगवले. घरच्यांना वाटलं, हाही दुधाचाच दात, पडेल आणि दुसरा येईल. मी एकदाच येते आणि माझ्यामागून कोणी येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. माझ्याबद्दलचे गैरसमज असे पहिल्या दिवसापासूनचे आहेत.

लहानपणी मी जंगलातली टेंभरं खाल्ली, चारोळीसाठी चाराच्या बिया फोडल्या, उसाची कांडी सोलली. मोठेपणी लटारूभाऊ राइस मिलमध्ये लागले आणि माझं नशीब उघडलं. शेतकरी धान घेऊन आला की लटारूभाऊ पोत्यात कोपरापर्यंत हात घालत, तळाचे चार दाणे काढत आणि एक माझ्यावर ठेवून चावत. वाळलेला दाणा कट्टकन मोडतो, ओला नुसता चेपतो. ओलं धान मशीनमध्ये गेलं की तांदळाची कणी होते, म्हणून मी म्हणेन ते खरं. मिलचे शेठ पाहुण्यांना सांगत, "आमच्या लटारूची दाढ म्हनजे सरकारी काटा हाये." असं कौतुक किती दाढांच्या वाट्याला येतं?

त्याच मिलच्या फाटकाशी खर्ऱ्याचं दुकान होतं. पहिला खर्रा सकाळी नऊला आणि त्याची जागा ठरलेली, डावा गाल, म्हणजे माझं अंगण. सुपारी, तंबाखू, चुना दिवसभर माझ्या हिरडीला चिकटून असे. हिरडी म्हणजे माझं घर, मित्रांनो. ते घर लाल झालं, सुजलं, आणि एक दिवस ब्रशवर रक्त दिसलं.

तेव्हा माझ्या मालकांनी काय केलं असेल? डावीकडे घासणंच बंद केलं!

"जिथी रक्त येते तिथी आनखी काऊन घासू?" ते बायकोला म्हणाले. मनकर्णाबाई म्हणाल्या, "दवाखान्यात दाखवा ना एकडाव." लटारूभाऊंनी दवाखान्याऐवजी गुडाखूची डबी आणली. तंबाखूचा तो काळा लगदा हिरडीवर चोळला की थोडा वेळ बधिर होतं. दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला, असा त्यांचा हिशेब. इकडे माझ्या मुळाशी दगडासारखं किटण साचत होतं, आणि ज्या हाडात मी रोवलेली आहे ते आतून झिजत होतं. मला कीड नव्हती, एक काळा ठिपकासुद्धा नव्हता. मी धडधाकट आणि पायाखालची जमीनच चाललेली! कोणावर ओरडू?

गाल फुगून लाडवाएवढा झाला तेव्हा स्वारी बसनं ब्रह्मपुरीला गेली. तिथल्या दातांच्या डॉक्टर दिव्यानीबाईंनी किटण काढलं आणि नीट समजावलं, "भाऊ, हा पायरिया आहे. एकदा औषध घेतलं आणि संपला, असा नाही. बीपी-शुगरसारखा जन्मभर सांभाळावा लागतो. खर्रा सोडा, हा बारीक ब्रश रोज फटीत फिरवा, आणि दर तीन महिन्यांनी या."

किटण निघालं तशी मी जराशी हलू लागले. मी आधीपासूनच सैल होते, त्या दगडानं नुसतं धरून ठेवलं होतं. पण लटारूभाऊंनी मिलवर येऊन गावभर केलं, "बाईनं साफ करता करता दाढच हालवली! कोनी जाऊ नका तिथी." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. बारीक ब्रश आठ दिवस चालला. नंतर मनकर्णाबाईंनी तो गॅसच्या बर्नरची भोकं साफ करायला घेतला. भोकं मात्र छान उघडली.

पुढची चार वर्षं ये रे माझ्या मागल्या. गाल सुजला की ब्रह्मपुरी, सूज उतरली की खर्रा. तीन महिन्यांची तारीख नेमकी दिवाळीनंतर धानाच्या सीझनमध्ये यायची, आणि "सीझन होऊन जाऊ दे" म्हणत म्हणत पुढचा सीझन यायचा. एका दुपारी वरणभात खाताना माझ्या मागची दाढ सरळ त्यांच्या हातात आली. तिलाही कीड नव्हती. वरणभात खाताना! लटारूभाऊंनी ती छपरावर फेकली आणि चूळ भरली.

मग गेल्या सीझनला दसरूभाऊ आले. जंगलाकडच्या खेड्यातला माणूस, ट्रॅक्टर भाड्यानं करून धान आणलेलं. लटारूभाऊंनी दाणा माझ्यावर ठेवला आणि चावला. दाणा खणखणीत वाळलेला होता, पण मीच खाली दबले. त्यांना वाटलं, दाणा चेपला.

"ओला हाये गा. वाळवून आन."

दसरूभाऊ परत गेले. चार दिवस धान उन्हात पसरलं, पुन्हा भाडं भरून आणलं. मी पुन्हा दबले.

"अजून ओलाच हाये."

"लटारूभाऊ, चार रोज उन्हात टाकून ठेवलो जी," दसरूभाऊ म्हणाले. त्यांनी दाणा उचलून स्वतःच्या दाताखाली धरला. कट्ट! पाखडणाऱ्या स्वातीबाईंनीही एक चावला. पुन्हा कट्ट. काट्याजवळची माणसं लटारूभाऊंकडे पाहू लागली. दसरूभाऊ रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काळजीनं विचारलं, "तुमची दाढ दुखून राह्यली का भाऊ?"

लटारूभाऊंची मान खाली गेली. त्यांनी हात जोडले, "माफ कर गा. माझी दाढच खोटी बोलली." मित्रांनो, हे शब्द मला अजून डाचतात. मी खोटं बोलले नव्हते, मी बुडत होते!

दुसऱ्याच दिवशी ते मनकर्णाबाईंना घेऊन ब्रह्मपुरीला गेले आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "काढून टाका बाई ही. कामाची नाई राह्यली."

माझा जीव मुळाशी गेला. दिव्यानीबाईंनी मला हलवून पाहिलं, फोटो काढला, हिरडी माझ्यापासून किती खोल सुटली आहे ते मोजलं. "काढायला पाच मिनिटं लागतील. पण हिला कीड नाही, थोडं हाड अजून आहे. ठेवायची असेल तर ठेवता येईल. खर्रा बंद, बारीक ब्रश पुन्हा रोज, सीझन असो की लग्न, तीन महिन्यांनी इथं हजर, आणि हिच्यावर धान चावायचं नाही."

"धान नाई चावला त मिलवर मी कायले पाह्यजे?" लटारूभाऊंनी विचारलं.

"दाढेले नोकरी होती का तुमाले?" मनकर्णाबाई कडाडल्या. "डोये हायेत, हात हायेत. बाई, ठेवा ती."

अशी मी राहिले. आता दाणा स्वातीबाई चावतात, लटारूभाऊ काट्यावर बसतात. ते मला पाहवत नाही, पण इलाज नाही. पोळ्याला त्यांनी एकदा खर्रा खाल्लाच, आणि तो उजव्या गालात ठेवला, जणू मला कळणारच नाही! तरी यंदा ऐन सीझनमध्ये, फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग असताना, ते ब्रह्मपुरीच्या बसमध्ये चढले. दिव्यानीबाईंनी मोजलं. हिरडीची सात मिलिमीटरची खोली पाचावर आली होती.

"म्हनजे बरी झाली ना आता?"

"नाही भाऊ. थांबली आहे. तुम्ही येत राहाल तोवर थांबेल."

लटारूभाऊ चिडले. मीही चिडले. इतकं करून फक्त थांबली? पण मित्रांनो, झिजलेलं हाड परत येत नाही, हे कोणाच्या चिडण्यानं बदलत नाही. तुमच्या ब्रशवर रक्त दिसलं तर ब्रश ठेवून देऊ नका, डॉक्टरांकडे जा. पहिल्यांदा रक्त आलं त्या दिवसापासून रोजची दोन मिनिटं मला पुरली असती. आता लटारूभाऊंचा उरलेला जन्म लागणार आहे, आणि रोज रात्री जेवण झालं की मी बारीक ब्रशची वाट पाहते, आज ते कंटाळणार नाहीत ना.