फ्रिजशेजारच्या फटीचा श्वास

दारात चपलांचा ढीग आणि स्वयंपाकघरात माणसांचा. गॅसपाशी समोरची शेजारीण, सिंकला टेकून वरच्या मजल्यावरचे पेन्शनर, बाकीचे जिथे पाय मावेल तिथे. सगळ्यांच्या नजरा एकाच जागी खिळलेल्या. फ्रिज आणि ओटा यांच्यामध्ये दोन बोटं रुंद फट होती. फटीपुढे दोऱ्याला पांढरं पीस टांगलं होतं. पंखा बंद, खिडकी बंद, कोणी साधं शिंकलंही नाही. आणि पीस थरथरत होतं.

“घर श्वास घेतंय,” महाराज हळूच म्हणाले, आणि अख्ख्या स्वयंपाकघराने आपला श्वास रोखून धरला.

मोठ्याबाईंनी तेवढा रोखला नाही. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून त्या घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. जरा जास्तच आवाज करून मोडत होत्या. घर त्यांचं, ओटा त्यांचा, आणि या पांढऱ्या सदऱ्यातल्या बाबाला इथे कोणी आणलं तर त्या समोरच्या शेजारणीने! सुनेने एकदाच तिच्याजवळ म्हटलं होतं, “फटीतून काहीतरी गरम गरम येतं हो.” झालं. दुसऱ्या दिवशी महाराज हजर.

फट तरी कुणाची करणी? मोठ्याबाईंच्या लेकाची. त्याला फट म्हटली की अंगावर काटा येई. नवा ओटा बसला तसा तो सिलिकॉनची नळी घेऊन घरभर सुटला. ओट्याची कड भरली, सिंकची कड भरली. सुताराने फ्रिजसाठी कप्पा केला होता, त्याचं वरचं आणि पलीकडचं तोंडही पट्ट्या मारून बंद केलं. उरली ही एक फट, कारण तिथवर येईतो नळी संपली. नवी आणू आणू म्हणता राहिली, आणि तिचं देवस्थान झालं.

लोक रांगेने वाकत, फटीला नाक लावत आणि डोळे पुसत उठत.

“छाती कशी मोकळी झाली!” पेन्शनर म्हणाले.

“सुगंध येतो ना? तो वरून येतो,” महाराजांनी छताकडे बोट दाखवलं.

“वर तर या पेन्शनरांचंच घर आहे,” मोठ्याबाई शेंगेला म्हणाल्या. “यांच्याकडून सुगंध आलेला मी तरी ऐकला नाही.”

“आई!” लेक ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “सगळं करून झालं गं. हेही करून बघू दे.”

मोठ्याबाईंची नजर फटीकडे वळली. फटीपुढच्या स्टुलावर त्यांची नात बसली होती. चिमणी म्हणत तिला, आणि गेले काही दिवस तिची छाती चिमणीसारखीच चिवचिवत होती. दमा होता. डॉक्टरीणबाईंनी पंप दिला होता, ओलीपासून जपा म्हणून बजावलं होतं. महाराजांनी पंप बंद केला. “औषधाचा श्वास आणि घराचा श्वास, दोन्ही एका छातीत नांदत नाहीत.” तेव्हापासून पोर सकाळ-संध्याकाळ फटीशी तोंड नेऊन बसे, आणि रोज जास्त खोके. “विकार बाहेर पडतोय,” महाराज म्हणत. आज तो पंपच फटीत टाकायचा होता. सून तो मुठीत आवळून उभी होती.

तेवढ्यात पीस थांबलं.

“श्वास निजला,” महाराज म्हणाले. “अर्पणाआधी त्याला जागवावं लागेल. ताई, उष्मा आणा.”

उष्मा म्हणजे वाफाळत्या पाण्याचं पातेलं. शेजारीण ते फ्रिजमध्ये ठेवायची आणि दार सताड उघडं ठेवून महाराज मंत्र म्हणायचे. मंत्र चांगला लांबलचक होता. त्यात वायू होता, आयू होता, मध्येच दक्षिणा देणाऱ्यांना आशीर्वाद होता. आजवर मोठ्याबाई या वेळी रागाने बाहेरच्या खोलीत जाऊन बसत. आज पंपापायी बसून राहिल्या होत्या. पातेलं आत गेलं, दार उघडंच राहिलं. आणि जन्मभराची सवय. त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“अगं, दार लाव ते! मोटर बोंबलायला लागेल!”

‘मोटर’ हा आपलाच शब्द त्यांच्या कानात अडकला. हातातली शेंग हातात राहिली.

मोटर बोंबललीच. घर्रर्र करून फ्रिज थरारला. महाराजांनी दार लावलं, हात उंचावले. पीस हललं.

“जागला!” शेजारणीने हात जोडले.

मोठ्याबाईंच्या खुर्चीशेजारी, पावाच्या डब्यामागे, फ्रिजचं बटण होतं. त्यांनी डबा सरकवला आणि बटण बंद केलं.

फ्रिजने शेवटचा हुंदका दिला. पीस दोनदा डुललं आणि सरळ लोंबत राहिलं.

“प्रकट हो,” महाराज म्हणाले. पीस ढिम्म. “प्रकट हो!” महाराजांच्या कपाळावर घाम आला. “इथे कोणीतरी अशुद्ध मनाचं आहे.”

“मी आहे ना,” मोठ्याबाई म्हणाल्या. “आता या अशुद्ध बाईचा मंत्र ऐका.” त्यांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. कोणीतरी हसलं. “थांबा, बंद केलेली मोटर लगेच उठत नाही. आमच्या ह्यांनाही दोन हाका माराव्या लागायच्या.” थोड्या वेळाने घर्रर्र झालं, आणि पीस नाचायला लागलं.

“बसा आता माझ्यापुढे रांगेत! बटणमहाराज आलेत!”

“पण मोठ्याबाई, वारा येतो कुठून?” पेन्शनरांनी विचारलं.

“मोटरच्या मागे पंखा असतो. तो गरम हवा बाहेर टाकतो. याने,” त्यांनी लेकाकडे बोट केलं, “बाकी सगळी तोंडं लिंपली. मग ती बिचारी जाईल कुठून? आणि दार उघडं टाकून आत गरम पातेलं ठेवलं की मोटर लागणारच. मी तीस वर्षं याच कारणासाठी घर डोक्यावर घेते आहे, तेव्हा कोणी पाया पडलं नाही. ओढ तो फ्रिज.”

“त्याला हात लावू नका!” महाराज ओरडले. पण लेकाने ओढला.

आधी बाहेर आला कापसाचा बोळा, निलगिरीच्या तेलात भिजलेला. वरून आलेला सुगंध तो हाच. सर्दीत रुमालावर टाकतात तेच तेल. महाराज फट शुद्ध करायला हात घालायचे, तो कशाला, हे सगळ्यांना एकदमच कळलं. मागून दुसरा वास आला. ओट्यावर सांडलेलं पाणी त्याच फटीतून आत उतरत होतं. कप्प्याची फळी फुगून पावासारखी झाली होती, आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत काळी-हिरवी बुरशी.

सुनेने चिमणीला फटीपासून मागे ओढलं. “आई, मी हिला रोज हे हुंगायला बसवत होते...”

मोठ्याबाईंकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी ते गिळलं. “पंप दे आधी,” एवढंच म्हणाल्या. “आणि डॉक्टरीणबाईंना फोन लाव.”

सुनेने चिमणीला उचलून खिडकीशी नेलं, खिडकी उघडली, पंप दिला. गर्दी चपला शोधायला लागली. महाराजांच्या चपला सगळ्यात आधी गेल्या होत्या, महाराजांसकट. शेजारीण मात्र रेंगाळली.

“पण मोठ्याबाई, काहीतरी शक्ती असतेच ना?”

“असते. विजेची. बिल भरते मी तिचं.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “अगं बाई, न कळणारी गोष्ट दिसली की हात जोडू नकोस, हात घालून बघ. आत काय आहे, हवा कुठून येते, पाणी कुठे जातं. आणि लेकराचं औषध जो बंद करायला सांगतो, त्याला आधी दार दाखव. एवढ्याला शाळा लागत नाही. मी दुसरी नापास आहे.”

लेकाने नवी नळी आणली. पाणी उतरत होतं ती कड भरली, कुजलेली फळी बदलली, आणि फ्रिजच्या वरच्या-पलीकडच्या पट्ट्या स्वतःच्या हाताने उपटून काढल्या. फ्रिजला लागते ती हवा सोडायची, फळीला नको ते पाणी अडवायचं. कुठली फट बुजवायची आणि कुठली ठेवायची, हे त्याने या वेळी बघून ठरवलं.

पीस चिमणीने मागून घेतलं होतं. पुढे खोकला थांबल्यावर एका सकाळी ती ओट्याशी आली, पीस तळहातावर ठेवलं आणि गाल फुगवून फुंकर मारली. पीस उडालं ते थेट आजीच्या शेंगांत पडलं.

“बघा,” मोठ्याबाई म्हणाल्या, “याला म्हणतात श्वास.”